मापापुरता माणूस

निवृत्त झाल्यावर नवऱ्यानं काय करू नये, याची यादी आमच्या घरी बायकोनं आधीच तयार ठेवली होती. दुसऱ्यांदा चहा मागू नये. भाजीवाल्याला शहाणपण शिकवू नये. दुपारी ती जरा आडवी झाली की भांड्यांची मांडणी बदलायला घेऊ नये. मी तिन्ही गोष्टी पहिल्याच महिन्यात करून मोकळा झालो. मग दीडेक वर्ष कळ काढून एके दिवशी ती म्हणाली, "अहो, तुम्हाला जे काही येतं ना, ते कुणाला तरी शिकवा. पण घराबाहेर."

मला येतं ते एकच, फोटो काढणं. झाशीबाहेरच्या सरकारी कारखान्यात, जिथे घराएवढे ट्रान्सफॉर्मर बनतात, तिथे मी तीस वर्षं फोटोग्राफर होतो. कारखान्याला फोटोग्राफर कशाला लागतो, असं आमच्या नात्यातल्या प्रत्येक लग्नात मला कुणीतरी विचारतंच. लागतो. ट्रान्सफॉर्मर तयार झाला की त्याचा फोटो, दिल्लीहून साहेब आले की हाराचा फोटो, कुणी निवृत्त झालं की शालीचा आणि नारळाचा फोटो. माझ्या स्वतःच्या निवृत्तीचा फोटो मात्र दुसऱ्यानं काढला आणि त्यात माझं डोकं कापलं. ते दुःख मी अजून विसरलेलो नाही.

तर, शिकवायचं ठरलं. आमच्या मराठी मंडळाचा हॉल रविवारी सकाळी रिकामाच असतो. आमची सात पिढ्यांची झाशी, पूर्वज इथे पूजा सांगायला आले आणि परत जायचं विसरले, म्हणून मी अभिमानानं मराठीत पाटी लिहिली. पहिल्या रविवारी मी आणि हॉलचा चौकीदार, एवढेच होतो. दुसऱ्या आठवड्यात पाटी हिंदीत लिहिली, तर सात जण आले. त्यातले दोघे मराठी घरातले निघाले. त्यांना मराठी नीट समजत होतं, पण उत्तरं ते हिंदीत देत होते, आणि मी रागवायला गेलो की 'जी सर' म्हणून मोकळे होत होते.

पहिल्या दिवशी मी कॅमेऱ्याला हातही लावू दिला नाही. म्हटलं, पुढच्या रविवारी प्रत्येकानं एक फोटो घेऊन यायचा. कुठलाही. जो बघून तुम्हाला वाटलं की आपणही फोटो काढावेत, तो. ही युक्ती माझीच. नवा माणूस कशावर भाळलाय ते कळलं की त्याला काय शिकवायचं ते आपोआप कळतं.

मी स्वतः कशावर भाळलो होतो ते त्यांना आधी सांगितलं. शाळेत असताना आमच्या गल्लीतल्या हलवायाच्या दुकानात एक फोटो लावलेला होता. हलवाई कढईतलं दूध वरून खाली ओततोय आणि दुधाची धार हवेत थांबलेली. कुणी काढला, कधी काढला, त्याला स्वतःलाही आठवत नव्हतं. मी रोज शाळेतून येताना तो फोटो बघायला थांबायचो. धार कधीतरी खाली पडेल, अशी मला खात्रीच होती. हलवायाला वाटायचं पोरगं पेढ्यासाठी थांबतंय, म्हणून तो अधूनमधून एक पेढा हातावर ठेवायचा. त्यामुळे फोटोग्राफी ही गोड गोष्ट आहे अशी माझी लहानपणापासूनच समजूत झाली.

पुढच्या रविवारी फोटो आले. बँकेत काम करणाऱ्या बाईंनी मोबाइलवर बर्फाचे डोंगर आणले होते. त्यांनी बर्फ कधी पाहिलेला नव्हता. मराठी घरातल्या एका मुलानं किल्ल्यावरचा सूर्योदय आणला होता, आणि सूर्योदय त्यानंही कधी पाहिलेला नव्हता, कारण तो नऊला उठतो. शाळेतून निवृत्त झालेल्या एका मास्तरांनी स्वतःचाच फोटो आणला. जत्रेत पुठ्ठ्याच्या विमानात बसलेला पाच वर्षांचा मुलगा, तोंड वेडंवाकडं करून रडणारा. म्हणाले, "सर, तेव्हा मला वाटलं की विमान उडणार. फोटो काढणाऱ्यानं मला फसवलं. मला आता तो धंदा समजून घ्यायचाय."

मला फार मजा वाटत होती. गंमत अशी की नवशिक्याला ज्या फोटोमुळे शिकावंसं वाटतं, त्या फोटोसारखा फोटो तो सहसा कधी काढत नाही. बर्फवाल्या बाई पुढे बँकेतल्या रांगेचे इतके सुंदर फोटो काढायला लागल्या की त्यांच्या मॅनेजरलाही स्वतःची बँक आवडायला लागली. पण तो पहिला फोटो लागतोच. तो नुसता दार उघडून देतो. आत काय आहे हे त्यालाही माहीत नसतं.

सातवी होती एक मुलगी. बावीस-तेवीसची असेल, इलाइट चौराह्यावर एका चष्म्याच्या दुकानात कामाला. तिनं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फ्रेम काढली आणि टेबलावर ठेवली. मी बघितलं आणि माझी छाती फुगली. तो माझा फोटो होता! आमच्या कारखान्याच्या जुन्या कॅलेंडरचं पान, कडा कातरून काच लावलेलं. करड्या रंगाचा अवाढव्य ट्रान्सफॉर्मर, वर चिनीमातीच्या नळकांड्यांच्या रांगा, मागे स्वच्छ आकाश. माझ्या नोकरीतलं सर्वांत मोठं काम. त्या दिवशी मी उन्हासाठी पहाटेपासून अकरापर्यंत थांबलो होतो.

मग काय विचारता. माझ्या जिभेला लगाम राहिला नाही. करडा रंग फोटोत एकसारखा येणं किती कठीण असतं, सावली कुठून घ्यायची, लोखंड चमकू नये म्हणून काय करायचं, यंत्र ताठ दिसावं म्हणून कॅमेरा किती उंचीवर धरायचा, मी चांगली पंधरा मिनिटं बोललो. मास्तर वहीत लिहून घेत होते. शेवटी मी प्रेमानं मुलीला विचारलं, "तो बेटा, इसमें तुम्हें सबसे अच्छा क्या लगता है?"

तिनं काचेवर बोट ठेवलं. ट्रान्सफॉर्मरच्या उजव्या कोपऱ्यात, पायथ्याशी, निळ्या कपड्यांतला अंगठ्याएवढा माणूस उभा होता. पाठ आमच्याकडे, तोंड यंत्राकडे.

"ये मेरे पापा हैं, सर."

सात जणांसमोर माझी काय अवस्था झाली ते सांगत नाही. आतापर्यंतच्या पंधरा मिनिटांत मी त्या माणसाचा एका शब्दानंही उल्लेख केला नव्हता. कॅमेऱ्यामागे मीच होतो, त्याला तिथे मीच उभं केलं होतं, आणि तो तिथे आहे हे मी विसरून गेलो होतो.

हे जरा समजावून सांगायला हवं. यंत्राचा नुसता फोटो काढला तर ते किती मोठं आहे ते कळत नाही. ते डब्याएवढंही असू शकतं. म्हणून बाजूला एक माणूस उभा करायचा, मापासाठी. आमच्याकडे त्यासाठी रंगखात्यातला एक जण ठरलेला होता. उंची बेताची, कपडे नेहमी धुतलेले, आणि उभा राहिला की खांबासारखा स्थिर. मी गेटमधून आत शिरताना ओरडायचो, "भैया, आ जाओ!" की तो ब्रश ठेवून, हात पुसून हजर. त्याचं नाव मला माहीत होतं. हाक मात्र मी कायम भैयाच मारली. आणि पहिल्याच दिवशी त्याला बजावलं होतं की तोंड यंत्राकडे करायचं, कॅमेऱ्याकडे चुकूनही बघायचं नाही. कारण बघणाऱ्याची नजर सगळ्यात आधी चेहऱ्याकडे जाते. चेहरा दिसला की माणूस यंत्र बघतच नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं आणि म्हणूनच मी तो चेहरा तीस वर्षं फिरवून ठेवला. त्यात मला काही गैर वाटलं नव्हतं. उलट, हे तंत्र मी इतरांना कौतुकानं सांगायचो.

मुलगी मात्र अजिबात रागावलेली नव्हती. लहानपणी हे कॅलेंडर घरात आलं तेव्हा तिला वाटलं, कारखान्यानं पापांचा फोटो छापलाय आणि मागे शोभेला यंत्र ठेवलंय. ती मैत्रिणींना घरी आणून दाखवायची. मैत्रिणी म्हणायच्या, तोंड कुठेय? ती म्हणायची, पापा काम करताहेत ना, कामात असताना कुणी तोंड दाखवतं का? तेव्हापासून तिला फोटो काढायचे होते.

मग तिनं खरं कारण सांगितलं. महिन्यादीड महिन्यात ती पुण्याला जाणार होती, डोळे तपासण्याच्या शिक्षणासाठी, तीन-चार वर्षं. जाताना तिला वडिलांचा एक फोटो न्यायचा होता, ज्यात ते तिच्याकडे बघताहेत असा. घरात तसा एकही नव्हता. आधार कार्डावर ते असे दिसतात की पोलिसांनी ताबडतोब धरावं. लग्नाच्या फोटोत सेहऱ्याच्या फुलांआडून नुसती हनुवटी दिसते. आणि तिनं मोबाइलवर काढायचा प्रयत्न केला की ते वळतात. तिनं मोबाइल आमच्यापुढे धरला. एकामागून एक फोटो, सगळ्यांत एक कान, थोडा गाल आणि समोर कुठली तरी भिंत.

"चालीस फोटो हैं, सर," ती म्हणाली, "चालीसों में कान आया है."

सगळे हसले, तीही हसली. मी मात्र टेबलावरच्या फ्रेमकडे बघितलं. ते वळणं मी शिकवलेलं होतं.

पुढच्याच बुधवारी मी माझा चांगला कॅमेरा घेऊन त्यांच्या घरी गेलो. कारखान्याच्या कॉलनीपलीकडे दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. माझ्यानंतर वर्षभरानं तोही निवृत्त झाला होता. मला बघून तो इतका खूश झाला की चपला न घालताच रस्त्यावर आला. चहा झाला, शेव झाली, कारखान्यातल्या सगळ्या जिवंत-मेलेल्या साहेबांची नक्कल झाली. बोलताना त्याचा चेहरा काय सुंदर हलत होता! भुवया वेगळ्या, मिशा वेगळ्या, जो तो आपापलं काम करत होता. मनात म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे.

मी पिशवीतून कॅमेरा काढला. तो लगेच उठला, आत गेला, इस्त्रीचा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून घालून आला आणि अदबीनं म्हणाला, "काए साब, कहाँ ठाड़े हो जाएँ?"

कुठे उभं राहू, असं विचारत होता. मी म्हटलं, कहीं भी. त्यानं खोलीभर नजर फिरवली. मग तो फ्रिजजवळ गेला, उजव्या कोपऱ्याला, हात मांड्यांना लावले आणि फ्रिजकडे तोंड करून स्तब्ध उभा राहिला.

मी त्याला धरून वळवलं. वळला. कॅमेरा डोळ्याला लावला तर चेहऱ्यावरून सगळं पुसलं गेलेलं. भुवया गप्प, मिशा गप्प. आणि मी बटण दाबेपर्यंत मान हळूहळू, त्याच्या नकळत, फ्रिजकडे सरकायला लागली. त्याच्या बायकोनं दारातून सांगितलं, "ऐसई करत हैं, साब. बियाव में सोई ऐसई करे ते." लग्नातही असंच केलं होतं म्हणे. मी तिचे मनोमन आभार मानले, थोडा तरी दोष माझ्यावरून उतरला म्हणून. पण मुलगी दारात उभी राहून माझ्याकडे आशेनं बघत होती आणि मी फ्रिजचे बारा उत्तम फोटो घेऊन घरी आलो.

घरी जेवताना मी बायकोला म्हटलं, "विलक्षण हट्टी माणूस आहे. समोर बघ म्हणून सांगितलं, तरी बघत नाही."

तिनं ताटात आमटी वाढली. "इतकी वर्षं तुम्ही त्याला यंत्राकडे तोंड करून उभं केलंत, आणि आता तोंड दाखवत नाही म्हणून तुम्हीच रागावताय! शाबास तुमची."

"कामाचा भाग होता तो."

"मग त्याच्यासाठीही कामाचाच भाग आहे. त्याच्या कामात खोट काढू नका. तुमच्याच कामात काहीतरी करा." एवढं बोलून ती ताक आणायला आत गेली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण एवढ्या थोडक्यात तिनं मला क्वचितच झोडपलं असेल.

मुलीच्या जाण्याच्या आधीचा शेवटचा रविवार आला. त्या दिवशी मी वर्ग लक्ष्मी तालाच्या, म्हणजे तलावाच्या, घाटावर न्यायचं ठरवलं होतं, पाणी आणि पायऱ्या यांचा सराव म्हणून. मुलगी वडिलांना स्कूटीवर मागे बसवून घेऊन आली. तिनं त्यांना सांगितलं होतं की सरांना मदत हवीय. मदत म्हटल्यावर तो माणूस तापातही आला असता. आला तो धुतलेला निळा शर्ट घालूनच.

सकाळचं ऊन महालक्ष्मीच्या देवळाच्या भिंतीवर कोवळं पडलं होतं. मी मुलीच्या गळ्यात माझा कॅमेरा अडकवला आणि म्हटलं, आज तूच काढ. ती तयार झाली. वडील देवळाच्या भिंतीपाशी गेले, उजव्या कोपऱ्याला, आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"पापा!" मुलगी जवळजवळ रडकुंडीला आली. "एक बार तो देख लो मेरी तरफ."

आणि माझा स्वभावच वाईट, मी ओरडलो. अगदी कारखान्यातल्या आवाजात ओरडलो, "अरे भैया, कैमरे की तरफ देखो!"

तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर खराखुरा गोंधळ होता. हळूच म्हणाला, "साब, कैमरा की तरफ देखबे खों तौ आपई ने मना करो हतो." कॅमेऱ्याकडे बघायला तुम्हीच तर मनाई केली होती.

मास्तरांनी वही मिटली. मग मी त्याच्याजवळ गेलो, त्याचे दोन्ही हात धरले आणि जे इतकी वर्षं डोक्यातही आलं नव्हतं ते सगळ्यांसमोर बोललो. म्हटलं, माझं चुकलं. मी तुम्हाला मापासाठी उभं केलं आणि तुम्ही माणूस आहात हे विसरलो. मला माफ करा. हिंदीत ते बोलणं जरा जास्तच नाटकी झालं असावं, पण मला ते मनापासून वाटत होतं.

तो इतका संकोचला की विचारू नका. "अरे साब, का कै रए!" म्हणून त्यानं हात सोडवून घेतले. मग एकदम काहीसा दुखावून, विद्यार्थ्यांकडे बघत म्हणाला की ते काम काही वाईट नव्हतं. तुम्ही काय समजता, कुणीही उभं राहील? नुसतं उभं राहणं वेगळं आणि मापाला उभं राहणं वेगळं. श्वास घ्यायचा नाही, शर्टाची घडी हलता कामा नये, यंत्राला टेकायचं नाही पण दूरही दिसायचं नाही. दुसऱ्या एकाला साहेबांनी उभं करून पाहिलं, त्याला शिंक आली आणि अख्खा फोटो गेला.

बँकेतल्या बाई म्हणाल्या, "अंकल, दिखाइए ना कैसे?"

"हम का दिखाएँ," तो म्हणाला, "दिखाबे के लाने कोऊ ठाड़ो तौ होए." दाखवायला कुणीतरी उभं तर राहायला हवं. आणि त्यानं इकडेतिकडे बघून माझ्याकडे बघितलं.

मी गेलो. देवळाच्या भिंतीपाशी, उजव्या कोपऱ्याला. भिंतीकडे तोंड केलं.

"ऐसें नईं, साब." मागून आवाज आला. मग त्या आवाजाला धार चढत गेली. पाय जोडा. एवढे नाही. हात मांडीला, मुठी नाही करायच्या. मान ताठ. डोळे भिंतीच्या वरच्या दगडावर, खाली बघितलं तर देव हरवल्यासारखं दिसतं. मी एकेक करत गेलो. भिंत माझ्या नाकापासून वीतभर होती आणि तिला चुन्याचा वास येत होता. मला काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं.

"साब, पेट अंदर!"

मागे वर्ग खो खो हसला. मी पोट आत घेतलं.

"और अंदर! ट्रांसफार्मर की फोटू आय कै साब के पेट की?"

आता मास्तरही हसायला लागले, आणि त्या सगळ्या हसण्यांत एक नवं हसणं ऐकू आलं. मोठं, खरखरीत, मध्येच अडकून पुन्हा सुटणारं. तो हसत होता. तीस वर्षांत मी त्याचं हसणं ऐकलेलं नव्हतं. आणि त्या हसण्याच्या आतच मला माझ्या कॅमेऱ्याचा आवाज ऐकू आला, खट्, जरा थांबून पुन्हा खट्. मला वळून बघायची इतकी तीव्र इच्छा झाली म्हणून सांगू! आयुष्यात एवढा चांगला फोटो माझ्या पाठीमागे निघत होता. पण मी हललो नाही. श्वाससुद्धा रोखून धरला, फोटो बिघडेल या भीतीनं. मापाला उभं राहणं खरंच सोपं नाही.

सोडलं त्यानं मला पाच मिनिटांनी. वळलो तर मुलगी पायरीवर गुडघे टेकून बसलेली होती आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याकडे बघत ओल्या डोळ्यांनी हसत होती. मी तिला काहीच शिकवलं नव्हतं. किती खाली बसायचं, ऊन कुठून घ्यायचं, सगळं तिनं स्वतः ठरवलं होतं. पडद्यावर तिचा बाप हात उंचावून उभा होता, डोकं किंचित मागे, तोंड पूर्ण उघडं, पुढचा एक दात पडलेला, आणि डोळे आमच्याकडे. म्हणजे आमच्याकडे नाही. मला पोट आत घे म्हणताना तो क्षणभर लेकीकडे वळला होता, बघितलंस का, अशा अर्थानं. तो तिच्याकडे बघत होता.

पडद्यावर त्यानं बघायचं नाकारलं. "कागज पै दिखइयो," म्हणाला. कागदावरच दाखव.

मी मोठी प्रत काढली, हाताएवढी रुंद, चांगल्या जाड कागदावर, आणि दोन दिवसांनी आम्ही ती त्याच्या हातात दिली. मुलगी, तिची आई आणि मी, तिघेही त्याच्या तोंडाकडे बघत होतो. मला कबूल करायला हवं, मी शाबासकीची वाट बघत होतो. फोटो माझा नव्हता, तरीही.

त्यानं फोटो खिडकीपाशी नेला. लांब धरला, जवळ धरला. मग बायकोला म्हणाला, "देख तौ. जे तौ मताई आयँ."

मताई म्हणजे बुंदेलीत आई. मला आधी कळलंच नाही. मग त्याची बायको पुढे झाली, तिनं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. म्हणाली, हो, सासूबाईच. हुबेहूब. त्या हसल्या की अशाच हसायच्या, डोकं मागे टाकून, तोंडावर हात न घेता. गुरसरायकडच्या त्यांच्या गावात बायका त्यावरून नावं ठेवायच्या. त्या गेल्या तेव्हा ही मुलगी जन्मलेली नव्हती. त्यांचा एकही फोटो कुणी काढलेला नव्हता. त्याला आईचा चेहरा आठवायचा, पण इतक्या वर्षांत तो पुसट होत चालला होता, आणि ही गोष्ट त्यानं कुणालाही सांगितलेली नव्हती. बोलायचं तरी काय, म्हणाला. आज एकदम दिसली.

"दादी ऐसी थीं?" मुलीनं विचारलं. तिनं फोटो हातात घेतला आणि पहिल्यांदाच बघत असल्यासारखा बघितला. बापाच्या चेहऱ्यात ती आजी शोधत होती. मग ती खिडकीच्या काचेत स्वतःकडे बघून डोकं मागे टाकून हसून पाहायला लागली, आणि तिघंही इतकी हसली की मला तिथे बसवेना. मी उगाचच अंगणात येऊन नळ बंद आहे का ते पाहिलं. मी फार आनंदात होतो आणि मला रडू येत होतं.

ती प्रत त्यानं ठेवून घेतली. मुलीसाठी मी दुसऱ्या दिवशी तशीच आणखी एक काढली.

ती पुण्याला निघाली त्या सकाळी मीही स्टेशनवर गेलो. आई डब्यांबद्दल सूचना देत होती, मी फोटोतल्या उजेडाबद्दल. बाप दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून सुतळीनं बांधलेला तो फोटो छातीशी धरून उभा होता. गाडी आली. त्यानं तिची पेटी चढवली, पिशवी चढवली, तिला खिडकीशी बसवलं, आणि गाडी हलायच्या बेतात आली तेव्हा पुठ्ठ्याचं पुडकं खिडकीतून आत दिलं. त्यात स्वतःचा फोटो आहे हे तो बहुधा विसरूनच गेला होता. मुलीला इकडे लाडानं बिन्नू म्हणतात, तशी हाक मारून तो तिला एवढंच म्हणाला,

"बिन्नू, मताई खों सम्हार कें लै जइयो."